टिंबापुढची माणसं

माझा धंदा काय ते सांगितलं की लोक सहसा पुढचा प्रश्न विचारत नाहीत. मी एका सर्व्हरवरचे मेल उचलते आणि दुसऱ्यावर नेऊन ठेवते. बहीण याला पत्रांची हमाली म्हणते, आणि तिचं फारसं चुकत नाही. बिऱ्हाड हलवताना कपाटातलं कपाटात आणि माळ्यावरचं माळ्यावर जावं लागतं, तसंच हे. अडचण एवढीच की नव्या घरातली कपाटं जुन्यासारखी नसतात. फोल्डरच्या नावांबद्दल प्रत्येक सर्व्हरचे स्वतःचे नियम असतात. एकाला नावात तिरपी रेघ चालत नाही, कारण त्याच्या लेखी तिरपी रेघ म्हणजे ‘याच्या आत’. दुसऱ्याला ती रेघ चालते, पण टिंब चालत नाही, कारण त्याच्याकडे ‘याच्या आत’ हे टिंबाने सांगतात. नव्या गिऱ्हाइकांना मी हे समजावते तेव्हा ती मान डोलावतात आणि काम कधी होईल ते विचारतात.

वर्कशॉपच्या ताईंनी मात्र नीट ऐकून घेतलं होतं. वर्कशॉप म्हणजे कृत्रिम हातपाय बनवण्याचं. उताराच्या रस्त्यावर, टायरच्या दुकानाला लागून एक लांबट दुमजली इमारत होती. दाराला पायरी नव्हती, सिमेंटचा चढ होता. आत एकच मोठा हॉल. मधोमध दोन समांतर दांडे, नवा पाय लावलेल्या माणसाने धरून चालायला शिकायचे, आणि त्यांच्या टोकाला भिंतभर आरसा. बाकी तिन्ही भिंतींना जमिनीपासून छतापर्यंत फळ्या, आणि फळ्यांवर प्लास्टरचे साचे. कुणाची मांडी, कुणाचं कोपर, कुणाची नुसती टाच. प्रत्येकावर पेन्सिलीने नाव लिहिलेलं. प्लास्टरचा ओलसर वास, गरम प्लास्टिकचा जरा जळका वास, आणि या दोन्हींच्या खाली चामड्याचा. पहिल्या दिवशी तो वास मला सहन झाला नाही. पुढे त्याची सवय झाली.

हे सगळं ताईंच्या वडिलांनी उभं केलेलं. त्यांना सगळे मास्तर म्हणत. मागच्या वर्षी त्यांना झटका आला आणि उजवी बाजू गेली. वाचाही गेली. दिवसभर ते हॉलमध्येच खिडकीपाशी चाकाच्या खुर्चीत बसलेले असत. वरच्या मजल्यावर ठेवलं की घास घेत नाहीत, असं ताई म्हणाल्या. निकामी उजवा हात मांडीवर, घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवलेला असे.

“साऱ्या जगाला हात दिले बाबांनी,” ताई म्हणाल्या, “आणि स्वतःचा गेला तेव्हा कुणाला काही देता आलं नाही.” हे वाक्य त्यांनी आधीही कुणाकुणाला सांगितलं असणार. सांगताना त्या ओल्या प्लास्टरमध्ये पट्टी बुडवत होत्या आणि त्यांचा हात थांबला नाही.

मास्तरांचा सगळा कारभार मेलवर चाले. पेशंट लिहायचे, इथे टोचतंय, तिथे सैल झालंय, पावसाळ्यात दुखतं. मास्तर प्रत्येकाला स्वतः उत्तर द्यायचे. मापं, बदल, जखमेचा इतिहास, सगळं त्या मेलांमध्ये. वर्कशॉपचा जुना मेल-सर्व्हर जिन्याखालच्या कपाटात होता. त्याची डिस्क गेली आणि ताईंचे हात बांधले गेले. बॅकअप होता, पण तो उघडायला तसलाच जुना सर्व्हर हवा, आणि तो आता कुठे मिळत नाही. म्हणून मला बोलावलं.

घाईचं कारण होतं. पोस्टातून निवृत्त झालेल्या एक मावशी होत्या. त्यांचा कृत्रिम पाय बसमधून उतरताना सांध्यात मोडला. जखम जुनी आणि नाजूक, कुठे दाब चालतो आणि कुठे अजिबात नाही हे फक्त मास्तरांना माहीत होतं. चुकीच्या मापाचा पाय लावला तर जखम उघडेल आणि वरून आणखी कापावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मावशी तिसऱ्या मजल्यावर राहत आणि तेव्हापासून घरात अडकून पडल्या होत्या. रोज सकाळी त्यांचा फोन यायचा. तक्रार नसायची, नुसतं “काय, सापडला का माझा पाय?” एवढंच.

तसला सर्व्हर माझ्या लॅपटॉपवर नकली उभा करून मी बॅकअप उघडला आणि फोल्डरची नावं पाहिली. मास्तरांनी प्रत्येक पेशंटचा एक फोल्डर केला होता, पण आडनावाने नाही. त्यांच्या तोंडी जे नाव असेल त्याने, आणि पुढे मानाचं अक्षर लावून. ‘सौ. पोस्टातल्या’, ‘श्री. उंच साहेब’, ‘चि. फुटबॉल’. पेशंट वारला की मास्तर त्याचा फोल्डर काढून टाकत नसत. पुढचं अक्षर तेवढं बदलत. ‘कै. घड्याळवाले’, ‘कै. शिंपीणबाई’, ‘कै. ट्रकवाले’. असे बरेच होते. इतक्या वर्षांच्या धंद्यात असणारच.

नवा सर्व्हर मी जिन्याखालच्या त्याच कपाटात बसवला. जुन्यावर टिंब हे नुसतं टिंब होतं. नव्यावर ते दार होतं. पहिली फेरी मी नेहमी काहीही न बदलता करते, म्हणजे काय काय मोडतं ते दिसतं. फेरी झाल्यावर ताईंना पडद्यापुढे बोलावलं.

प्रत्येक नाव टिंबापाशी तुटलं होतं. श्री नावाचा एक फोल्डर झाला आणि सगळे पुरुष त्याच्या आत गेले. सौ, चि यांचंही तेच. आणि कै या फोल्डरच्या आत सगळी गेलेली माणसं एकाखाली एक लागली होती. टिंबानंतर सोडलेली मोकळी जागाही नावात आली होती, त्यामुळे प्रत्येक नाव ओळीच्या जरा आत सुरू होत होतं.

“हे असं होतं,” मी म्हटलं. “आता मी टिंबाच्या जागी आडवी रेघ टाकून पुन्हा फेरी करते. मग सगळे पूर्वीसारखे वेगवेगळे येतील.”

ताईंनी यादीवरून बोट फिरवलं. “कशाला?” त्या म्हणाल्या. “उलट बरं झालं की. आहेत ते एकीकडे, गेले ते एकीकडे. मला शोधायला सोपं.”

गिऱ्हाइकाला जे सोयीचं ते ठेवायचं, हा माझा नियम आहे. पोस्टातल्या मावशींची मापं त्याच दुपारी सापडली. ताईंनी त्यांना फोन करून सांगितलं. मावशी म्हणाल्या, “बरं. मग बनवायला घे.”

माझं काम तिथे जवळजवळ संपलं होतं. उरलेलं तपासायला मी रोज दुपारी जाऊन बसायचे.

एकदा मी पोचले तर ताई पडद्याकडे बोट दाखवत म्हणाल्या, “त्या कैसमोर न वाचलेल्या एका मेलचा आकडा येतोय. ठळक. क्लिक केलं तर उघडत नाही.”

मी त्यांना सांगितलं की तिथे आकडा येऊच शकत नाही. श्री, सौ, कै हे खरे फोल्डर नाहीत. ते कुणी बनवलेले नाहीत. आतल्यांना कुठेतरी लटकवायचं म्हणून सर्व्हरने उभ्या केलेल्या त्या नुसत्या चौकटी आहेत. त्यांच्यात पत्र राहू शकत नाही.

आकडा मात्र होता. मी सर्व्हरवर जाऊन पाहिलं आणि चौकटीचा फोल्डर करून दिला, म्हणजे आत काय अडकलंय ते दिसेल. एक मेल होता. पाठवणाऱ्याचं नाव नाही, विषय नाही, तारीख नाही. मजकूर एका ओळीचा.

‘इथे कोण कोण आहे?’

जुन्या बॅकअपमध्ये असे तुकडे निघतात. एखादा मेल अर्धा खराब होतो, डोकं जातं आणि धड राहतं. मी ताईंना तसं सांगितलं आणि माझी स्वतःचीही त्यावर समजूत पटली.

दुसऱ्या दिवशी त्याखाली आणखी होते.

‘मी. डावा पाय, गुडघ्याखाली.’

‘मी उजवा हात कोपरापासून शिवणकाम करायचे’

‘दोन्ही पाय. ट्रक.’

ताई ते वाचत असताना मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. त्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या. “घड्याळवाले काका असंच लिहायचे,” त्या म्हणाल्या. “डावा पाय, गुडघ्याखाली, असं आधी सांगून मग बाकीचं. बाबा हसायचे, म्हणायचे, हा माणूस स्वतःच्या आधी पायाची ओळख करून देतो. आणि शिंपीणबाई पूर्णविराम द्यायच्या नाहीत. कधीच.”

“कुणीतरी चेष्टा करतंय,” मी म्हटलं.

“कोण?”

मी सगळे पासवर्ड बदलले. सर्व्हरच्या नोंदी पाहिल्या. बाहेरून एकही मेल आत आलेला नव्हता. शेवटी मी भिंतीतली इंटरनेटची वायरच काढली आणि माझ्या बॅगेत घालून घरी नेली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती परत आणली तेव्हा कैच्या आत बरंच बोलणं झालेलं होतं.

ते बोलणं वाईट नव्हतं. दवाखान्याबाहेरच्या बाकावर चालतं तसं होतं. तुम्हाला केव्हा बसवला? पहिल्या दिवशी पडलात का? मास्तरांनी तुम्हालाही सांगितलं होतं का, दुखणार नाही म्हणून? सांगितलं होतं की. दुखलं का? दुखलं तर. पण ते म्हणाले म्हणून उभी राहिले. ट्रकवाल्यांनी लिहिलं होतं, आपल्याला मास्तरांनी मुद्दाम दोन बोटं उंच केलं, बायको म्हणाली लग्नातल्यापेक्षा आता बरे दिसता.

ताईंना हसू आलं आणि त्यांनी ते पदराने पुसल्यासारखं तोंड पुसलं.

“ही माणसं एकमेकांना ओळखत नव्हती,” त्या म्हणाल्या. “प्रत्येकाला वेगळ्या वेळी बोलवायचे बाबा. कुणासमोर कुणाचा पाय काढायचा नाही, असा नियम होता त्यांचा.”

मग त्यांनी जे केलं ते मला आवडलं नाही, पण मी त्यांच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं. त्यांनी मास्तरांची खुर्ची पडद्याजवळ आणली आणि ते सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. मास्तर ऐकत राहिले. दोन बोटं उंच केल्याचं आलं तेव्हा त्यांच्या तोंडाची डावी बाजू हलली. आधी मला कळलं नाही. ताईंना लगेच कळलं.

“हसले,” त्या म्हणाल्या. “आजारानंतर पहिल्यांदा.”

त्यानंतर हे रोजचंच झालं. मी म्हटलं, ताई, हे बंद करू या, काय आहे ते मला कळत नाहीये. त्यांनी हातातला साचा खाली ठेवला. “तुम्हाला कळत नाही म्हणून मी त्यांचं हसणं बंद करू?” त्यांचा आवाज चढला नव्हता. तपासायचं काही उरलेलं नसतानाही मी दुपारी जात राहिले. त्यांना एकटं सोडवेना.

बोलणं हळूहळू बदललं. कुठून बदललं ते मला नंतर वाचतानाही नक्की सांगता आलं नाही.

‘तुमचा सैल होतोय का?’

‘होतो. इथे आल्यापासून माप जुळत नाही.’

‘माझा हात वळतो पण धरत नाही’

‘मास्तरांना सांगायला हवं.’

‘कुठे आहेत?’

‘बाहेर. खिडकीपाशी बसलेत.’

ताई वाचायच्या थांबल्या. मास्तर खिडकीपाशीच होते, त्या दिवशी ऊन होतं म्हणून आम्ही खुर्ची हलवली नव्हती. हॉलमध्ये आमच्याशिवाय कुणी नव्हतं. टायरच्या दुकानातून हवा भरण्याचा आवाज येत होता.

“खाली काय आहे?” मी विचारलं.

त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. खाली लिहिलं होतं, ‘मुलगी थांबली वाचायची.’

मी हात पुढे करून पडदा बंद केला. मग ताई उठल्या, सगळ्या फळ्यांवरून एकदा नजर फिरवली आणि मास्तरांना वर घेऊन गेल्या. वरून त्यांच्या जेवणाच्या भांड्याचा आवाज आला, आणि बऱ्याच वेळाने तेच भांडं तसंच भरलेलं घेऊन त्या खाली आल्या.

दुसऱ्या दिवशी ताईंनी मला सकाळीच बोलावलं. मास्तर पुन्हा हॉलमध्ये होते, पडद्यासमोर. वरून त्यांनी डाव्या हाताने जिन्याच्या कठड्यावर आपटून आपटून खाली आणायला लावलं होतं.

कैच्या आत एक नाव वाढलं होतं. बाकीच्यांसारखंच ओळीच्या जरा आत सुरू होणारं.

‘ मास्तर’

मी बॅकअप पाहिला. त्यात असा फोल्डर नव्हता. उघडून पाहिलं. तो रिकामा होता.

“तुम्ही केलात?” मी ताईंना विचारलं.

“मी?”

त्यांनी वडिलांकडे पाहिलं. मास्तर स्वतःचं नाव वाचत होते. भीती नव्हती त्यांच्या चेहऱ्यावर. मग त्यांनी डावा हात उचलला आणि पडद्याकडे तळवा करून जरासा खाली दाबला.

ताई एक पाऊल मागे सरल्या.

“काय म्हणतायत?” मी विचारलं.

“बाहेर पेशंट बसलेले असले की असं करायचे,” त्या म्हणाल्या. “बसा, आलोच.”

मग त्यांनी माझा दंड धरला. “काढा ते. सगळं काढा. आत्ता.”

मी कै काढला. आतल्या सगळ्यांसकट. तो जाताना सर्व्हरने नेहमीसारखं विचारलं, नक्की का, आणि मी हो म्हटलं. मग टिंबाच्या जागी आडवी रेघ घातली आणि बॅकअपमधून पुन्हा फेरी सुरू केली. एकेक नाव येत गेलं. कै-घड्याळवाले. कै-शिंपीणबाई. कै-ट्रकवाले. प्रत्येक जण वेगळा. आत फक्त त्यांचीच जुनी पत्रं आणि मास्तरांची उत्तरं. कुठे चौकट नव्हती, कुठे ठळक आकडा नव्हता. मी सगळं दोनदा तपासलं.

फेरी चालू असताना मास्तर पडद्याकडे पाहत नव्हते. ते हॉलकडे पाहत होते.

त्यानंतर सगळं ठीक चाललं. मी काही दिवस रोज सर्व्हर पाहायचे, मग अधूनमधून, मग सोडून दिलं. दुसरी कामं आली. बहिणीला मी यातलं काही सांगितलं नाही. काय सांगणार होते, की मी टिंब बदललं आणि माणसं पांगली?

ताईंचा फोन आला तो चांगल्या बातमीचा होता. पोस्टातल्या मावशींचा पाय तयार झाला होता आणि आज त्या पहिल्यांदा उभ्या राहणार होत्या. “तुम्ही नसता तर झालं नसतं,” ताई म्हणाल्या. “या ना.” मी विचारलं, मास्तर कसे आहेत. “छान आहेत. बघालच.”

मी पोचले तेव्हा मावशी दांड्यांच्या मध्ये होत्या. दोन्ही बाजूंना घट्ट धरून, ओठ मिटून, आरशातल्या स्वतःकडे पाहत त्या एक पाऊल टाकत होत्या आणि थांबत होत्या. ताई मागे चालत होत्या, हात न लावता. मावशींनी आरशातच मला पाहिलं. “तुम्हीच का त्या मेलवाल्या? या, या. पाय सापडला हो माझा.”

“टोचतंय कुठे?” ताईंनी विचारलं.

“टोचायला काय झालं. आता जिना तेवढा चढून दाखवते घरचा.”

मी ताईंना म्हटलं, मास्तरांना भेटून येते.

“भेटा. हल्ली ते दिवसभर मापं घेतात,” त्या मावशींवरची नजर न काढता म्हणाल्या. “त्यांनी खुणेने टेप मागितली, दिली. डॉक्टर म्हणाले, करू दे, हाताला व्यायाम होतो. घासही घेतात आता पोटभर.”

मास्तर खिडकीपाशी होते, खुर्ची हॉलकडे वळवलेली. अंगाने भरले होते. दाढी केलेली. मी जवळ जाऊन म्हटलं, “मास्तर, कसे आहात?”

त्यांनी मला ओळखलं. डोळ्यांनीच थांबायला सांगितलं. ते कामात होते.

ते खुर्चीत पुढे वाकले होते. समोर, उभ्या माणसाचा गुडघा येईल तेवढ्या उंचीवर, रिकाम्या हवेत कापडी टेपचा एक वेढा होता. टेपचं एक टोक त्यांनी डाव्या हाताच्या चिमटीत धरलं होतं आणि ते सावकाश ताणत होते. उजवा हात मांडीवर, टॉवेलच्या घडीवर होता.

दुसरं टोक त्यांच्या मांडीवर नव्हतं. जमिनीवरही नव्हतं.

मास्तरांनी मान तिरपी करून आकडा वाचला. मग जरा वर पाहिलं, काहीतरी ऐकल्यासारखं, आणि मान हलवून टेप थोडी सैल सोडली.